अरब जगाचा आधुनिक इतिहास शिकायचाय? मग आधी जमिनीचे कायदे वाचा

पश्चिम आशिया हा विषय घेणारी बहुतेक मुलं बातम्या पाहून येतात. मीही तशीच आले. त्यामुळे पहिल्या सत्रात वाचन आपोआप अरब-इस्रायल लढायांच्या सनावळीभोवती फिरायला लागतं: १९४८, १९५६, १९६७, १९७३. ही सालं तोंडपाठ हवीतच, पण त्यांत माणसं कशी जगत होती ते सापडत नाही. इतकी वर्षं हा विषय वाचून आणि शिकवून झाल्यावर नव्या मुलांना मी आवर्जून सांगते, की एखादा छोटा प्रदेश धरा आणि तिथली जमीन कुणाच्या नावावर होती, हे शोधायला लागा.

त्याआधी एक काम मात्र उरकून घ्या. १९१४ ते १९२४ हे दशक सावकाश, नकाशा समोर ठेवून वाचा. ऑटोमन (उस्मानी तुर्की) साम्राज्याचे अरब मुलूख ब्रिटन-फ्रान्सने आपसांत वाटून घेण्याचा साइक्स-पिको करार (१९१६), पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारी ब्रिटिशांची बाल्फोर घोषणा (१९१७) आणि तिथला कारभार ब्रिटन-फ्रान्सकडे सोपवणारी सान रेमो परिषद (१९२०) सगळीकडे भेटतात. ऑटोमनांविरुद्धच्या अरब उठावाचा नेता फैसल याचं दमास्कसमधलं राज्य मात्र दोन ओळींत आटोपतं. मार्च १९२० मध्ये ते जाहीर झालं, तिथल्या प्रतिनिधिसभेने राज्यघटनेचा मसुदा केला आणि जुलैमध्ये मैसलूनच्या लढाईनंतर फ्रेंच फौजा शहरात शिरल्या. हरलेल्या ऑटोमनांशी त्याच वर्षी झालेल्या सेव्हर्स तहात कुर्दांना स्वायत्ततेची आशा दाखवली होती. १९२३ च्या लोझान तहात तिचा मागमूस उरला नाही. ‘ते लोक हजारो वर्षं भांडतच आलेत’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. हे दशक वाचलेला माणूस तसं बोलू शकणार नाही. तिथल्या किती सीमा आणि किती भांडणं जेमतेम शंभर वर्षांची आहेत, हे त्याने पाहिलेलं असतं.

आता जमिनीकडे. १८५८ मध्ये ऑटोमन सरकारने जमीन कायदा आणला. कसणाऱ्याच्या नावावर नोंद व्हावी आणि करवसुली सोपी व्हावी, असा त्यामागचा विचार. दक्षिण इराकमध्ये मात्र जमीन टोळीची सामाईक होती. नोंदणीचा कागद, म्हणजे तापू, बऱ्याच ठिकाणी शेखांच्या किंवा शहरी धनिकांच्या हाती गेला. सातबाऱ्यावरचं नाव बदललं की घराचं काय होतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. कालपर्यंत टोळीचा भाऊबंद असलेला शेतकरी वाटेकरी, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा, झाला. पुढे पहिल्या महायुद्धात इराक ताब्यात आल्यावर ब्रिटिशांनी शेखांना हाताशी धरलं आणि ही घडी पक्की केली. स्वतंत्र इराकने १९३३ मध्ये कायदा करून कर्जबाजारी वाटेकऱ्याला कर्ज फिटेपर्यंत जमीन सोडायलाच बंदी केली. तरीही माणसं निघाली. विशेषतः अमारा भागातली कुटुंबं बगदादच्या कडेला येऊन बोरू-चिखलाच्या झोपड्यांत राहू लागली. या झोपड्यांना तिथे सरीफा म्हणत.

१४ जुलै १९५८ ला इराकमधली राजेशाही लष्करी बंडात उलथली. बंडाचा नेता अब्दुल करीम कासिमच्या सरकारने त्याच वर्षी जमीन सुधारणा कायदा केला आणि सरीफात राहणाऱ्यांसाठी मदिनत अस-सौरा ही वसाहत वसवली. सद्दामच्या काळात तिला त्याचं नाव मिळालं आणि २००३ नंतर ती सद्र सिटी झाली. बातम्यांत हे नाव आलं की लोक थेट शिया-सुन्नी पंथाबद्दल बोलायला लागतात. पंथ महत्त्वाचा आहेच, पण तिथल्या घराघरात जमीन गमावल्याचा इतिहासही आहे. एका कायद्यापासून एका वस्तीपर्यंतचा हा धागा हाती आला, त्या दिवसापासून मला हा विषय सोडवेना.

लेबनॉनवर काम करायचं असेल तर जनगणनेपासून सुरुवात करा. अधिकृत जनगणना तिथे १९३२ नंतर झालेलीच नाही. तिच्या आधारे संसदेत ख्रिस्ती आणि मुस्लिम जागांचं प्रमाण ६:५ असं ठरलं. १९८९ च्या ताइफ करारानंतर ते निम्मं-निम्मं झालं. शिरगणती करायची की नाही, हाच तिथे सत्तेचा प्रश्न आहे.

भाषा पहिल्या वर्षापासूनच शिका. आधी फुस्हा, म्हणजे लिखित प्रमाण अरबी, आणि मग कैरोची किंवा शामची (सीरिया-लेबनॉनकडची) एक बोली. दोन बोली एकदम धरू नका, गोंधळ होतो. १९१८ पूर्वीच्या सरकारी कागदांसाठी अरबी लिपीतली ऑटोमन तुर्की लागते, इराणसाठी फारसी. पोटापाण्याचं म्हणाल तर नेट देऊन प्राध्यापकी हा एक मार्ग, पण जागा थोड्या. भाषांतराला मागणी आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत आखातातून आणि येमेनमधून येणाऱ्या रुग्णांसाठी दुभाषे लागतात. त्या कामातून बोलीला जी धार येते ती वर्गात येत नाही.

साधनांसाठी लंडनच गाठावं लागतं असं नाही. १८३९ मध्ये ब्रिटिशांनी येमेनमधलं एडन बंदर घेतलं आणि पुढे जवळजवळ शतकभर ते मुंबई सरकारच्या अखत्यारीत होतं. आखाताचा कारभारही १८७३ पर्यंत मुंबईहूनच चाले. तो पत्रव्यवहार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात पाहायला मागा. मार्गदर्शकाचं पत्र आणि पेन्सिल सोबत असू द्या. घरबसल्या वाचायचं तर कतार डिजिटल लायब्ररीवर इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या खात्याचे, आखाताविषयीचे कागद फुकट आहेत.

प्रबंधाला विषय सापडत नसेल तर एक सुचवते. २९ एप्रिल १९१६ ला इराकमधल्या कूत इथे वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश भारतीय फौजेच्या सहाव्या पूना डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. सातारा-कोकणातल्या काही गावांत महायुद्धाला गेलेल्यांची संख्या कोरलेल्या शिळा अजून आहेत. त्या गावांतून निघून पलटणींच्या नोंदींपर्यंत आणि तिथून कूतच्या रहिवाशांनी तो वेढा कसा सोसला इथपर्यंत जाता येईल. मराठी आणि अरबी दोन्ही येणाऱ्या कुणीतरी हे काम हाती घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे.