गेलेल्या माणसाच्या आठवणी लिहून ठेवताना

घरातले वडीलधारे माणूस गेले की तेराव्यापर्यंत त्याच्या आठवणी सर्वांच्या तोंडी असतात आणि वर्षश्राद्ध येईपर्यंत त्यांतल्या बहुतेक ‘स्वभावाने फार प्रेमळ’ एवढ्या शेऱ्यात विरून जातात. म्हणून लेखन पहिल्या वर्षातच हाती घ्यावे, आणि विशेषणे बाजूला ठेवून त्या माणसाच्या हातची कामे आधी लिहावीत.

आमच्या आत्याचेच उदाहरण देतो. शेंगाचटणी ती उखळातच कुटत असे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरे, तिखट आणि मीठ यांना तेल सुटून चटणीचा गोळा मुठीत वळेपर्यंत तिचा हात थांबत नसे. मग उखळाच्या कडेची चटणी बोटाने निपटून ती जवळ बसलेल्या पोराच्या कडक भाकरीवर ठेवायची. ‘मिक्सरात होतो तो भुगा, चटणी नव्हे,’ हे तिचे मत आम्हां भाचरांना पाठ आहे. एवढे लिहिल्यावर ती प्रेमळ होती हे वेगळे सांगावे लागत नाही. तिचा फटकळपणाही तसाच राहू द्यावा, नाहीतर कागदावर भलतीच कोणी बाई उतरते.

नातेवाइकांशी एकेकट्याने बोलावे, कारण बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सर्वांची होऊन बसते. शेजाऱ्यांना वगळू नये. सोलापुरात एकाच बोळात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरे असतात, आणि घरच्यांना न सांगितलेल्या गोष्टी पुष्कळदा शेजारणीलाच ठाऊक असतात.

साल विचारल्यास वृद्ध माणसे गोंधळतात. त्याऐवजी ते १९७२च्या दुष्काळाआधीचे की नंतरचे, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने घर हादरले तेव्हा आत्या कुठे होती, त्या वर्षी तिने गड्ड्याची यात्रा पाहिली का, असे विचारावे; महिनासुद्धा हाती लागतो, कारण सिद्धेश्वरांची ही यात्रा संक्रांतीला भरते. मात्र इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या १९३०च्या मार्शल लॉच्या हकिकती जपून नोंदवाव्यात. त्यानंतर जन्मलेली माणसेही त्या डोळ्यांदेखत घडल्यासारख्या सांगतात, तेव्हा जन्मसाल पडताळून तिथे ‘वडिलांकडून ऐकलेले’ असे लिहावे.

छायाचित्रांच्या मागे नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मोबाइलमधले तिच्या आवाजातले निरोप दुसऱ्या ठिकाणीही उतरवून ठेवावेत.

दोघांच्या सांगण्यात तफावत आढळली तर निवाडा करू नये. दोन्ही हकिकती सांगणाऱ्याच्या नावासह लिहाव्यात आणि वहीत प्रत्येक प्रसंगानंतर अर्धे पान कोरे सोडावे, कारण वही हातोहात फिरू लागली की ‘असे नव्हतेच मुळी’ म्हणणारे कोणीतरी भेटतेच, आणि त्यालाही लिहायला जागा लागते.