घराचं बजेट: बांधकाम परवानगीपोटी पैसे नेमके कुठे जातात

मुंबई सोडून महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत घर बांधायचं तर २०२० ची यूडीसीपीआर ही एकत्रित बांधकाम नियमावली लागू होते. बजेटमध्ये लोक परवानगीसाठी भरायच्या चलनाची रक्कम तेवढी धरतात. खरा पैसा नियमांपायी बदलणाऱ्या नकाशात आणि नंतरच्या तोडफोडीत जातो.

आधी भूमी अभिलेख खात्याकडून प्लॉटची मोजणी करून घ्या. हद्द दोन फूट आत सरकली तर सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) सरकतात आणि बेडरूम लहान होते. हे कागदावर कळलेलं बरं, पाया खणल्यावर नको.

प्लॉट १५० चौ.मी.पर्यंत असेल (३० × ५० फूट म्हणजे साधारण १३९) तर मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या सहीचा नकाशा, कागदपत्रं आणि शुल्काची पावती दाखल करून काम सुरू करता येतं. वेळ वाचतो, नियम मात्र तेच राहतात.

चलनात छाननी शुल्क, रेडी रेकनरवर (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरांवर) निघणारं विकास शुल्क आणि लागू असेल तिथे कामगार कल्याण उपकर येतो. आकडा फुगतो तो जादा एफएसआयच्या (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं त्या मर्यादेच्या) अधिमूल्यामुळे, म्हणजे प्रीमियममुळे, म्हणून घर मूळ एफएसआयमध्ये बसतंय का, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

आता कॉलम. ९ इंची भिंतीत लपतो म्हणून ठेकेदार २३० मिमी रुंदीचा कॉलम सुचवतो. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० (२०१६) या भारतीय मानकाप्रमाणे किमान माप ३०० मिमी. २३० × ३०० ऐवजी ३०० × ३०० केला, तर १२ कॉलम आणि ३ मीटरचे दोन मजले धरून काँक्रीट जेमतेम दीड घनमीटर वाढतं. एम२० प्रतीच्या काँक्रीटला त्यासाठी सुमारे १२ गोणी सिमेंट. कोपऱ्यात कॉलम थोडा बाहेर दिसेल, दिसू द्या. कॉलमच्या सळ्यांभोवतीच्या रिंगांचे हूक ९० नव्हे, १३५ अंशांत वाकवलेले हवेत; काँक्रीट ओतण्याआधी स्वतः बघा, नंतर दिसत नाहीत.

जोतं झालं की भिंती चढवण्याआधी जोते तपासणी करून घ्या. गृहकर्ज असेल तर बँकेचा हप्ताही अशाच टप्प्यांवर सुटतो. मंजूर नकाशात नसलेली खोली वाढवायची असेल तर आधी सुधारित नकाशा. नाहीतर भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायला मिळणारी परवानगी) अडतं आणि अनधिकृत भागाची शास्ती, म्हणजे दंड, मालमत्ता कराच्या बिलात येऊ शकते. प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करायची परवानगी) मिळाल्यावर वर्षभरात काम सुरू व्हायला हवं. पैशाअभावी काम सुरूच होणार नसेल तर मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज द्या.