आधी सारखं काय, मग वेगळं काय

लहान मुलांना झाडांची नावं सांगायची घाई करू नका. नाव कळलं की मूल पुढच्या झाडाकडे पळतं, बघायचं राहून जातं. त्याऐवजी शेजारी शेजारी वाढणारी दोनच झाडं निवडा, शक्यतो गवत आणि जास्वंद, आणि तिथेच खाली बसा. पानं तोडू नका. देठावरच्या पानामागून ऊन येईल असं मुलाला बसवा आणि विचारा, "या रेषा कुठून निघाल्या, कुठे गेल्या?"

जास्वंदीच्या पानात मधली जाड शीर, तिला फुटलेले फाटे आणि त्यांचं बारीक जाळं दिसतं. गवताच्या पात्यात मात्र शिरा एकमेकींना न भेटता शेवटापर्यंत सरळ जातात. मुलाला हे बोटाने गिरवू द्या. मग उपटलेलं एखादं तण दाखवा. जाळीच्या पानाखाली बहुधा एक जाड सोटमूळ असतं, गवताखाली मुळांचा झुपका. हा संबंध मुलाला स्वतःला सापडला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो! तेव्हा उत्तर आधी फोडू नका, कितीही मोह झाला तरी.

आधी सारखेपणा विचारा, फरक नंतर. फरक पटकन दिसतात, सारखेपणासाठी थांबावं लागतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं पुरेत.

एक मात्र पक्कं ठरवा: हात लावायचा, वास घ्यायचा, पण तोंडात काही घालायचं नाही. कण्हेरीसारखी विषारी झाडं दुरूनच बघायची, आणि घरी आल्यावर हात धुवायचे.