समलिंगी वाचकांसाठी मराठी संकेतस्थळे चालवणाऱ्यांचे ऑनलाइन मंडळ कसे उभारावे

मुंबईत समलिंगी समाजासाठी लेखन-प्रकाशनाचे काम नवे नाही. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक येथूनच काढले, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट ही संस्था उभी राहिली आणि १९९८ मध्ये 'गे बॉम्बे' हा गट इंटरनेटवरून सुरू झाला. मात्र या कामात इंग्रजीचा वाटा मोठा राहिला. लालबाग, भांडुप, डोंबिवली किंवा विरार येथे मराठीत विचार करणाऱ्या आणि मराठीतच घाबरणाऱ्या समलिंगी मुलाच्या हाती लागतात ती थोडीच संकेतस्थळे, आणि त्यांतील बहुतेक कोणीतरी नोकरी सांभाळून रात्री एकट्याने चालवलेली असतात. कोणी आरोग्याची माहिती देतो, कोणी कथा छापतो, कोणी समुपदेशकांची यादी ठेवतो, आणि प्रत्येक जण तेच ते प्रश्न स्वतंत्रपणे सोडवत बसतो. अशा चालकांना एकत्र आणायचे, तर कामाची सुरुवात सॉफ्टवेअर निवडण्यापासून करू नये. कोणाचे नाव कोणाला कळणार, हे आधी ठरवावे.

ज्यांची संकेतस्थळे आज प्रत्यक्ष चालू आहेत अशा पाच-सहा जणांना प्रथम बोलवावे. वाचकांना या टप्प्यावर प्रवेश देऊ नये, कारण वाचक आले की चालक मदत मागण्याऐवजी उत्तरे देण्यात गुंततात. निमंत्रण संकेतस्थळावर दिलेल्या संपर्काच्या पत्त्यावरच पाठवावे. चालकाचे फेसबुक खाते शोधून काढणे किंवा ओळखीच्या माणसाकरवी निरोप धाडणे, हे सद्‌हेतूने केले तरी त्याचे गुपित फोडण्यासारखेच आहे. 'कशिश' हा समलिंगी विषयांवरील चित्रपट महोत्सव किंवा ऑगस्ट क्रांती मैदानाशी जोडलेली समलिंगी समाजाची आझादीची पदयात्रा येथे भेटी सहज होतात, पण जो तेथे येऊ शकत नाही त्याच्यासाठीच हे मंडळ अधिक गरजेचे आहे, याचा विसर पडू देऊ नये.

आलेला माणूस खरोखर त्या संकेतस्थळाचा चालक आहे, हे त्याचे नाव न विचारताही पडताळता येते. त्याला एखादा अर्थहीन शब्द कळवावा आणि तो शब्द असलेली छोटी फाइल एका दिवसासाठी आपल्या संकेतस्थळावर ठेवण्यास सांगावे, किंवा डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या, डीएनएस नोंदींत (तो पत्ता कोणत्या सर्व्हरवर न्यायचा हे सांगणाऱ्या नोंदींत) तो शब्द घालण्यास सांगावे. ज्याच्या हाती संकेतस्थळाच्या किल्ल्या आहेत त्यालाच हे करता येते. ओळखपत्र, छायाचित्र किंवा व्हिडिओ कॉल यांची मागणी कधीही करू नये. जी माहिती आपल्याकडे नाही ती आपल्याकडून फुटूही शकत नाही.

याच कारणासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा गट काढू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. गटातील सर्वांना एकमेकांचे फोन क्रमांक दिसतात, आणि यूपीआयला जोडलेला क्रमांक एखाद्या पैशांच्या ॲपमध्ये घातला की बँक खात्यावरचे नाव समोर येते. म्हणजे टोपणनाव घेऊन आलेल्या माणसाचे खरे नाव आडनावासह उघड होण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. त्यापेक्षा डिस्कोर्ससारखे चर्चामंचाचे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवर बसवावे आणि प्रत्येकाने या कामापुरता वेगळा ईमेल पत्ता उघडून त्यावर दुहेरी पडताळणी लावावी. वर्गणी घेतानाही हीच अडचण येते. तेव्हा पैसे एकाच खजिनदाराकडे जावेत, त्याने हिशेब टोपणनावांनी मांडावा आणि तो सर्वांसमोर ठेवावा.

कायद्याची बाजू आज पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि लैंगिक कल त्यात येतो असे स्पष्ट केले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा जाच प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरता संपला. तरीही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६७ आणि ६७अ ही अश्लील आणि उघड लैंगिक मजकुराविषयीची कलमे सर्वांना लागू आहेत. आरोग्यविषयक प्रामाणिक उत्तर आणि अश्लीलता यांतील सीमारेषेचा वाद मराठीला फार जुना आहे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून खटला चालला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले होते, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. आपले वाचक आजही तेच विचारतात. अशा उत्तरांचा मसुदा मंडळात दोघा-तिघांनी वाचावा आणि शक्य तेव्हा डॉक्टरकडून तपासून घ्यावा, म्हणजे एकट्या चालकावरील भार हलका होतो.

येथे एक गोष्ट टाळता येत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या मध्यस्थाला तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्यामुळे ज्याच्या घरी आणि कामाच्या ठिकाणी तो समलिंगी असल्याचे माहीत आहे असा निदान एक माणूस संस्थापकांत हवा, आणि त्याने हे काम समजून-उमजून स्वीकारलेले असावे. संस्थेच्या नोंदणीची मात्र घाई नको. संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांची नावे आणि सह्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्याव्या लागतात. तशी सात माणसे स्वखुशीने पुढे येईपर्यंत मंडळ अनौपचारिकच चालू द्यावे.

मंडळ उघडल्यावर 'आपली ओळख करून द्या' असा पहिला विषय ठेवू नये, कारण तेथेच लोक गप्प होतात. कामाचा प्रश्न ठेवावा. उदाहरणार्थ, वाचक कोणते शब्द शोधत आपल्याकडे पोहोचतात, याची यादी प्रत्येकाने मांडावी. मराठी वाचक पुष्कळदा रोमन अक्षरांत मराठी टंकतो आणि देवनागरीपुरतेच शीर्षक असलेले पान त्याला सापडत नाही, हे अशा याद्या शेजारी ठेवल्या की ध्यानात येते. दुसरा विषय वाचकाच्या सुरक्षिततेचा असावा. चाळीतल्या एका खोलीत फोन भावंडांच्या हाती जातो आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्याचा पडदा शेजाऱ्याला सहज दिसतो. म्हणून पानाचे शीर्षक आणि चिन्ह साधे ठेवणे, सूचनांचे संदेश बंद ठेवणे, एका स्पर्शात हवामानाचे पान उघडणारे बटण देणे, असे उपाय एकाने लिहिलेल्या कोडमधून सर्वांना वापरता येतात.

उत्पन्नाविषयी मी स्पष्ट सांगेन की जाहिरातींच्या मोठ्या जाळ्यांवर विसंबू नये. 'गे' किंवा 'लैंगिक' असे शब्द दिसताच पान प्रौढांसाठीचे ठरवून जाहिराती थांबवल्या जाण्याचा अनुभव अनेक चालकांना येतो, मग त्या पानावर एचआयव्ही तपासणीची माहिती का असेना. पाच संकेतस्थळांनी मिळून एकच दरपत्रक काढावे आणि दवाखाने, समुपदेशक, वकील, कॅफे, तयार कपड्यांचे दुकानदार यांच्याकडे एकाच माणसाने जावे. थोड्या वाचकांच्या एका संकेतस्थळापेक्षा मराठी समलिंगी वाचकांचा एकत्रित गट जाहिरातदाराला अधिक पटतो. वाचकांची माहिती जाहिरातदाराला द्यायची नाही, ही अट त्या दरपत्रकावरच छापावी.

नियम थोडे असावेत, पण एक कठोर असावा. जो दुसऱ्याचे नाव, नोकरी, राहण्याची जागा किंवा येथील संभाषणाचा स्क्रीनशॉट बाहेर नेईल, त्याला त्याच दिवशी काढावे आणि पुन्हा घेऊ नये. देखरेख करणारे तिघे असावेत आणि ते एकाच मित्रमंडळातील नसावेत. स्त्रिया आणि तृतीयपंथी व्यक्ती चालवत असलेल्या संकेतस्थळांना पहिल्यापासून बोलवावे. उशिरा बोलावल्यास पाहुण्यांसारखे वागवले जाते.

शेवटचे काम फारसे कोणी करत नाही आणि मला ते सर्वांत निकडीचे वाटते. घरच्यांनी लग्नाचा तगादा लावला, नोकरी बदलली किंवा माणूस थकला, की चालक अचानक दिसेनासा होतो. डोमेनचे नूतनीकरण राहून जाते, तो पत्ता कोणीतरी विकत घेतो आणि मदत शोधत आलेल्या मुलापुढे जुगाराचे पान उघडते. म्हणून प्रत्येक सदस्याने आपला उत्तराधिकारी मंडळात लेखी नोंदवावा, नूतनीकरणाची तारीख सामायिक दिनदर्शिकेत टाकावी, आणि मजकुराची प्रत दर महिन्याला सांकेतिक कुलूप लावून (एन्क्रिप्ट करून) उत्तराधिकाऱ्याकडे ठेवावी. चालकाने जाताना आपले नाव पुसण्यास सांगितले, तर हस्तांतरणापूर्वी जुन्या लेखांतून, छायाचित्रांच्या फाइलींतून आणि डोमेनच्या नोंदीतून ते काढून टाकावे आणि मगच संकेतस्थळ नव्या चालकाच्या हाती सोपवावे.