आजारपणातील रजा आणि उपचारखर्चाची प्रतिपूर्ती शासकीय कर्मचाऱ्यांनी कशी मिळवावी

कोविडच्या काळात ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक कर्मचाऱ्यांची वैद्यकीय देयके एखाद्या सहीअभावी रखडली, आणि तेव्हा घरात माणूस अंथरुणावर होता. म्हणूनच खालील तयारी प्रकृती ठणठणीत असतानाच करून ठेवावी.

प्रथम कार्यालयाच्या आस्थापना शाखेत (कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या विभागात) जाऊन आपले सेवापुस्तक, म्हणजे नोकरीच्या नोंदींचे पुस्तक, पाहावे. अवलंबून असलेल्या कुटुंबीयांची नोंद त्यात अद्ययावत आहे ना, याची खात्री करावी. लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर ही नोंद हमखास राहून जाते, आणि प्रतिपूर्तीच्या प्रस्तावावर पहिली हरकत तिथूनच निघते. त्याच वेळी रजा खात्यातील शिल्लकही टिपून घ्यावी.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे वर्षाला 20 दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते, 10 दिवस जानेवारीत आणि 10 दिवस जुलैत. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडल्यास तिचे परिवर्तित रजेत रूपांतर करून पूर्ण वेतन घेता येते, मात्र त्यासाठी दुप्पट दिवस खर्ची पडतात. समजा, कोविडनंतरचा थकवा आणि धाप यांमुळे डॉक्टरांनी 15 दिवस विश्रांती सांगितली, तर खात्यातून 30 दिवस वजा होतील. इतकी शिल्लक नसेल तर अर्जित रजेचा, म्हणजे सेवेच्या बदल्यात साठणाऱ्या पूर्ण वेतनी रजेचा, विचार करावा. वैद्यकीय कारणास्तव घेतलेल्या रजेनंतर रुजू होताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते आदल्या दिवशीच हाती असावे.

खर्चाची प्रतिपूर्ती 1961 च्या वैद्यकीय देखभाल नियमांखाली होते. खासगी रुग्णालयातील उपचारांसाठी शासनाने आकस्मिक आणि गंभीर आजारांच्या याद्या ठरवून दिल्या आहेत, आणि महासाथीच्या काळात कोविडचाही आकस्मिक आजारांत समावेश झाला. त्यामुळे रुग्णालयातून बाहेर पडण्यापूर्वी तातडीने दाखल करावे लागल्याचे प्रमाणपत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह घ्यावे. डिस्चार्ज कार्डावरील आजाराचे नाव या प्रमाणपत्राशी शब्दशः जुळले पाहिजे. औषधांच्या मूळ पावत्यांवर रुग्णाचे नाव आणि तारीख असावी, आणि संपूर्ण संचाची छायाप्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण कार्यालय आणि देयके तपासणारे शासकीय वैद्यकीय अधिकारी, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक, यांच्यातील प्रवासात कागद गहाळ होणे ही नवलाची गोष्ट नाही. प्रस्ताव दाखल करताना आवक क्रमांक, म्हणजे कागद कार्यालयात आल्याचा नोंद क्रमांक, अवश्य मागून घ्यावा. पाठपुरावा त्यावरच चालतो.

बेलापूरच्या कोकण भवनातील राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना हे नियम लागू आहेत. ठाणे किंवा नवी मुंबई महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांनी मात्र आपल्या आस्थापनेचे स्वतंत्र आदेश आधी वाचावेत.

चाळिशी ओलांडलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणीची सवलत आहे. रक्तदाब आणि साखर वेळीच कळण्याची ही संधी कामाच्या रेट्यात वाया जाऊ देऊ नये; आपली तपासणी केव्हा देय आहे, हे सेवापुस्तक पाहतानाच आस्थापना लिपिकाला विचारून तारीख ठरवून घ्यावी.