पालीच्या बोटांवर अडकलेली कात काढताय? या चुका टाळा

आमच्या बुंदीला एकोणीस बोटं आहेत. असायला हवी होती वीस. न्यू जर्सीतल्या तिच्या पहिल्याच हिवाळ्यात मागच्या उजव्या पायाचं एक बोट गेलं, आणि त्यात सगळी चूक माझी होती. बुंदी म्हणजे लेपर्ड गेको, ठिपक्याठिपक्यांची पिवळी पाळीव पाल. लेकाच्या हट्टापायी घरात आली आणि महिन्याभरात माझ्या गळ्यात पडली.

साप कात मागे ठेवून जातो. गेको स्वतःची कात खाऊन टाकते. त्यामुळे सकाळी तिच्या काचेच्या टाकीत काहीच दिसत नाही आणि आपण समजतो, झालं सगळं नीट. माझी पहिली चूक हीच. कात टाकायच्या एक-दोन दिवस आधी गेको पांढुरकी, मळकट दिसायला लागते. ती पुन्हा चकचकीत झाली की तळहातावर घेऊन टॉर्चच्या उजेडात बोटं मोजायची. कात अडकली असेल तर टोकावर राखाडी टोपण दिसेल, नाहीतर मध्येच दोरा आवळल्यासारखं कडं. मोठी गेको साधारण चार ते आठ आठवड्यांनी कात टाकते, पिल्लं त्याहून बरीच लवकर. अडकलेल्या कातीत प्रत्येक वेळी आणखी एक थर जमतो, तो वाळून आकसतो, रक्तपुरवठा अडतो. बोट सुजतं, काळं पडतं, शेवटी गळतं. तुटलेली शेपटी परत येते, बोट येत नाही.

कात दिसली रे दिसली की नखाने ओढायची नाही. कोरडी कात खालच्या कोवळ्या कातडीला चिकटलेली असते. ओढली तर तीही सोलून येते, कधी नखासकट.

आधी भिजवा. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी ओला किचन पेपर अंथरा आणि पाणी फक्त बोटं बुडतील इतकंच घाला. डबा कायमचा तिचाच, परत स्वयंपाकघरात आणायचा नाही. पालींच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाणी साधारण ३० अंश सेल्सिअस हवं. इथे पुष्कळ जण फसतात, कारण आपल्या हाताला छान कोमट लागणारं पाणी तिला गरम असतं. मनगटावर घेतलं तर ना गार ना गरम असं वाटलं पाहिजे, थर्मामीटर असेल तर उत्तम. पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ तिथेच बसायचं.

मग कापसाचा ओला इअरबड घ्या. बोटाच्या मुळापासून टोकाकडे हलकेच फिरवत न्या, पायातून मोजा काढतो तसं. भिजलेली कात आधी पांढरी, मऊ होते, मग कडेला सुटते आणि एकदम टोपणासारखी निघून येते. बुंदीची पहिली निघाली तेव्हा तिच्यावर बोटाच्या घड्या हुबेहूब उमटलेल्या होत्या. तीन-चार वेळा फिरवूनही हलली नाही तर थांबा, उद्या पुन्हा भिजवा. गेको अंग वळवायला लागली तर पकडून ठेवू नका, आणि शेपटीला तर हातच लावू नका, घाबरली की ती शेपटी टाकून देते.

हे सगळं चालू असताना आईचा व्हिडिओ कॉल आला. "खोबरेल तेल लाव की, मऊ पडेल." आपल्याकडे कशावरही हाच उपाय! पण तेलाने धूळ-माती बोटांना चिकटते आणि बुंदी ते चाटतेही. नुसतं पाणी पुरतं.

खरी गोम मात्र टाकीत असते. "वाळवंटातला प्राणी, त्याला ओल कशाला?" असं मलाही वाटायचं. लेपर्ड गेको मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातली; सातपुड्यातही तिची एक बहीण आहे, २०१४ साली वेगळी जात म्हणून नोंदलेली. पण कोरड्या प्रदेशातली असली तरी ती दिवस काढते दगडाखाली, बिळात, जिथे ओल टिकते. इकडे हीटर सुरू झाला की हवा इतकी सुकते की स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात. मी काय केलं, तर अख्ख्या टाकीत पाणी फवारलं. ही आणखी एक चूक. सगळीच टाकी दमट राहिली तर बुरशी धरते आणि छातीचे आजार होतात. हवी फक्त एक ओली गुहा. दह्याच्या रिकाम्या डब्याला ती आत जाईल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा, आत ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) भरा. ही गुहा टाकीच्या उबदार बाजूला ठेवा आणि दर दोन दिवसांनी मॉस चाचपून बघा. शिवाय अंग घासायला एक खरबरीत दगड आणि रोज ताजं पाणी.

एवढं करूनही दरवेळी कात अडकत असेल तर खाण्यात जीवनसत्त्व 'अ' कमी पडतंय का, हे व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, विचारा. मनाने डोस वाढवू नका, जास्त झालं तरी बाधतं. दोन-तीन दिवस भिजवून कात निघाली नाही, बोट सुजलं किंवा काळं पडलं, तर सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट गाठा, आणि त्याच दिवशी. डोळ्यावर अडकलेली कात तर घरी कोरायचीच नाही.