अप्पांचे थेंब

अप्पांना काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा ठाण्याच्या चरईतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या लोकांनी धीर दिला, ‘घाबरू नका, आमच्या आईचंही झालंय, दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होती.’ ते बोलत होते मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं. त्यात गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवता येतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस झिजते आणि गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत मिळत नाही. थेंब, लेझर, ऑपरेशन सगळं उरलेली नजर राखायला. घरच्या पेशंटला हे पहिल्याच दिवशी सांगा. आम्ही सांगितलं नाही. ‘घाला नाहीतर घालू नका, दिसतं तेवढंच’ म्हणून अप्पांनी चार महिने थेंब बंद ठेवले, तेही आम्हाला न सांगता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन त्यापायी करावं लागलं.

तर आधी थेंब कसे घालायचे ते. हात धुवा. माणसाला खुर्चीत बसवून मान मागे टाकायला लावा, नाहीतर सरळ आडवं करा. खालची पापणी बोटाने ओढली की खळगा होतो, त्यात एकच थेंब. बाटलीचं तोंड पापणीला किंवा बोटाला लागता कामा नये. दोन थेंब घातले तर दुसरा गालावरून ओघळतो, डोळ्यात मावतच नाही, आणि बाटली महिन्याआधी संपते. मग डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, दोन मिनिटं. उघडझाप नाही. अप्पांना हे थोतांड वाटायचं, पण डोळ्यातून नाकात उतरणारी नळी तिथेच असते. थेंब तिच्यातून घशात गेला की तोंड कडू होतं, आणि औषध अंगभर जातं. टिमोलॉल नावाच्या काचबिंदूच्या थेंबांच्या बाबतीत हे महागात पडतं: दमा असलेल्याला धाप लागू शकते, नाडी मंदावू शकते. दमा किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा.

दोन औषधं असली तर मध्ये किमान पाच मिनिटं, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. मी पहिला थेंब घातला की चहाचं आधण ठेवते, चहा गाळून झाला की दुसरा. घड्याळ बघावं लागत नाही.

लॅटॅनोप्रॉस्ट या काचबिंदूच्याच दुसऱ्या थेंबांची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची. उघडलेली पंचवीस अंशांखाली बाहेर चालते म्हणतात, पण ठाण्याच्या मे महिन्यात पंचवीस अंश कुठून आणायचे? आमची फ्रीजच्या दारातच असते, लोणच्याच्या बरणीमागे. खोक्यावर उघडल्याची तारीख लिहून ठेवते आणि पाकिटावर दिलेले आठवडे संपले की उरलेलं टाकून देते. जीव तुटतो, पण टाकते.

कडेचं किती दिसतं याची तपासणी, म्हणजे फील्ड टेस्ट, हे वेगळंच प्रकरण. डबीत डोकं घालून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कडेला उजेड चमकला की बटण दाबायचं. पहिल्या वेळी अप्पा बाहेर आले ते पडलेला चेहरा घेऊनच, ‘निम्मे दिवे दिसलेच नाहीत, नापास झालो.’ मुळात मशीन मुद्दामच दिसेल-न-दिसेल इतके मंद दिवे दाखवतं, चांगल्या डोळ्यालाही बरेच चुकतात. हे आधी सांगितलं असतं तर त्या रात्री ते जेवले असते. पेशंटला न्याहारी करून, झोप झालेल्या अवस्थेत न्या. पापणी लववायला बंदी नाही. थकवा आला तर बटण दाबून धरलं की टेस्ट थांबते, निदान आमच्याकडच्या मशीनवर तरी. तुमच्या टेक्निशियनला विचारून घ्या.

नस झिजते ती बहुधा डोळ्यातला दाब वाढल्याने. हा दाब साधारण १० ते २१ (मिलिमीटर पारा) असतो. अप्पांचा २८ होता. पण दाब २१च्या आत असूनही काचबिंदू होतो, म्हणून नुसत्या आकड्यावर समाधान मानू नका, नसही तपासून घ्या. वागळे इस्टेटमध्ये ३४ वर्षं फिटर असलेल्या अप्पांना हे पटलं नाही. ‘गेज बरोबर असेल तर लाइन फुटेल कशी?’ ‘पाइपच कच्चा असेल तर?’ असं डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा गप्प बसले.

ऑपरेशनचं नाव ट्रॅबेक्युलेक्टॉमी. वरच्या पापणीखाली, पांढऱ्या भागात पाणी झिरपायला झडपेसारखी वाट करतात. पाणी वरच्या पातळ पडद्याखाली साठून फुगवटा येतो, त्याला ब्लेब म्हणतात. गंमत अशी की इतर ऑपरेशनांत जखम भरावी म्हणून देव पाण्यात ठेवतात. इथे ती पूर्ण भरली की वाट बुजते. म्हणून ऑपरेशनमध्ये बहुधा मायटोमायसिन हे जखम भरणं रोखणारं औषध लावतात, आणि नंतरच्या फेऱ्यांत टाके सैल करून दाब जमवतात. त्या फेऱ्या चुकवू नका. काही आठवडे धूसर दिसतं, तेव्हा घाबरू नका. हे जमलं नाही तर डोळ्यात नळी बसवतात. अशा नळ्यांत अहमद व्हॉल्व्ह असतो, मदुराईच्या ऑरोलॅबचीही एक नळी आहे.

घरी आल्यावर रात्री प्लास्टिकची ढाल, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, बादली उचलायची नाही, साष्टांग नमस्कारही नाही. अप्पा देवापुढे नुसतेच हात जोडून उभे राहायचे, अपराध्यासारखे. परतीला रिक्षा केलीत तर चालकाला आधीच सांगा, स्पीडब्रेकर हळू. ब्लेब असलेला डोळा पुढे कित्येक वर्षांनीही लाल झाला, दुखला, चिकट झाला किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब मनाने आणू नका, त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने तेच पुढे केले होते.

आणि डोकं ठणकतंय, उलट्या होतायत, डोळा लाल झालाय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, तर ते पित्त समजून सुंठसाखर देत बसू नका. रात्र असली तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघा.

अप्पांमुळे मला आणि माझ्या भावालाही धोका जास्त, म्हणून आम्ही दोघं वर्षातून एकदा तपासून येतो. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, नंतर तीन-चार तास जवळचं धड दिसत नाही, तेव्हा स्कूटर घरीच ठेवून जा. मागच्या वेळी मी तलावपाळीला उतरले आणि ऊन इतकं बोचलं की अप्पांचा काळा चष्मा लावून घरापर्यंत आले.